रसाचे दिवस

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

भावजी नेरूळहून येताना रस काढायचं यंत्र घेऊन आले. कोल्ड प्रेस म्हणतात ते. त्यात मिक्सरसारखं पातं नाही, जाड मळसूत्र आहे. ते मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेत फळ दाबत पुढं नेतं. एका तोंडातून रस, दुसऱ्यातून चोथा. मिक्सरचं पातं तेवढ्या वेळात हजारो फेरे घेतं, रसात हवा घुसळली जाते, फेस येतो आणि थोड्याच वेळात पाणी खाली, गर वर असं वेगळं होतं. या यंत्राचा रस त्या मानानं बराच वेळ एकजीव राहिला.

लेकीनं लगेच गाजर, बीट, सफरचंदाचा रस करायला घेतला. सफरचंदाच्या फोडी काळवंडायला लागल्या तसं त्यांवर लिंबू पिळलं. चिरलं की फळाच्या आतली द्रव्यं हवेशी भिडतात आणि तांबूस रंग धरतो. लिंबाच्या आंबटपणानं तो वेग कमी होतो. किलोभर गाजरांतून निम्म्याच्या आसपास रस निघाला, बाकी चोथा. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि सरळ परातीत ओतला. तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ, ओवा, तीळ, हिरवी मिरची घालून रात्री त्याची थालीपिठं झाली. सणाच्या जेवणावर ती सगळ्यांना बरी वाटली.

लेकीला सांगून ठेवलं, उद्या सकाळी लघवी लालसर दिसली तर घाबरू नकोस, बीटचा रंग काही जणांच्या अंगातून तसाच उतरतो.

रस चांगला झाला होता. तरी पेला रिकामा करताना मनात आलं ते हे, की गाजर घाटावरचं, सफरचंद हिमाचल-काश्मीरचं. आपल्या जिते गावचं त्या पेल्यात काय होतं? लिंबू तेवढं.

२ एप्रिल

कारखान्यात दुपारी पाय ठेवला तर पत्र्याखाली उभं राहवेना. आमचा कारखाना हमरापूरच्या बाजूला, शाडूच्या मूर्तींचा. जोहे, कळवे, हमरापूर, सगळीकडे याच दिवसांत कामाचा जोर. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे साच्यातून काढून वाळवलेल्या मूर्ती आत्ता रांगेत हव्यात. पंखा जोरात लावला तर माती एकीकडून लवकर वाळते आणि तडकते, म्हणून बाया घामानं निथळत बसतात.

आपल्या जिल्ह्यातलं ऊन हलक्यात घ्यायचं नाही. २८ मार्च २०१७ ला इथल्या भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर ऊन लागून माणसं दगावली, तीही समुद्राच्या जवळ, दमट हवेत. दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून कोकणातलं पस्तीस अंशसुद्धा माणसाला थकवतं.

ह्यांच्याशी बोलले. दुपारच्या चहाऐवजी काहीतरी थंड द्यायचं ठरलं. महामार्गावरच्या बाटल्या नकोत, घरी करायचं. पाणी, थोडं गोड, चिमूटभर मीठ आणि आंबट. घामातून जातं ते यातूनच भरून निघतं. बर्फाची लादी आणू नका म्हणून सांगितलं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम २०१८ पासून आहे, पण पाण्यात विरघळल्यावर तो रंग कुणाला कळणार? त्यापेक्षा माठ बरा. दोन मोठे माठ धुऊन भरून ठेवले.

६ एप्रिल, रामनवमी

पन्हं. परसातल्या रायवळच्या कैऱ्या वाऱ्यानं पडतात त्या टोपलीभर गोळा झाल्या होत्या. आमच्याकडे पन्ह्याचे दोन पंथ आहेत. आई कैरी चुलीच्या निखाऱ्यात भाजतात, साल काळी झाली की गर काढून कुस्करतात. माझ्या माहेरी कैरी किसून, कच्च्या किसाचा रस पिळून घेत. कच्च्याला वास जास्त, पण तो तासाभरात उतरतो आणि रंगही मळतो. शिजलेल्या गराला ती भीती नाही, उष्णतेनं काळवंडवणारी द्रव्यं निकामी होतात आणि गर मऊ, दाटसर होतो. कारखान्यात न्यायचं तर भाजलेलंच पाहिजे.

गर एक वाटी असेल तर गूळ दीड ते दोन वाट्या, कैरी किती आंबट त्यावर. वेलची, मीठ, थोडी जिरेपूड. केशर नाही घातलं. पातेलं स्टीलचंच घेतलं. आईंना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याची सवय, पण आंबट पदार्थ त्या धातूला खातो आणि तो अंश आपल्या पोटात जातो. आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच ते पातेलं फळीवर उचलून ठेवलं.

रंगकाम करणाऱ्या बायांनी दोन-दोन पेले घेतले. एकीनं घरी न्यायला बाटली पुढं केली.

११ एप्रिल

नानांना पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. जेवणानंतरची साखर पुन्हा वर. घरात नवं यंत्र आलंय, रोज ताजा रस घेतो, साखर अजिबात घालत नाही, असं नानांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे कागदावर हिशेब मांडून दाखवला. मोसंबीचा एक मोठा पेला भरायला तीन-चार मोसंबी लागतात. त्या सोलून फोडी खायला बसलात तर दुसऱ्यातच पोट भरल्यासारखं वाटेल. पेला मात्र दोन मिनिटांत संपतो आणि त्याच्याबरोबर चार-पाच चमचे साखर पोटात जाते, फळाची असली तरी साखरच. फळ खाताना ती साखर पेशींच्या आत, चोथ्याच्या वेढ्यात असते आणि हळूहळू सुटते. रसात तो वेढा मोडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर मधाच्या आणि चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे, आणि ती सगळी मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलं आहे.

नाना गप्प झाले. मग डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मी फ्रिजवर लिहून लावलं आहे. गोळीनंतर जेवायला उशीर झाला, हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, म्हणजे साखर फार उतरली असेल, तेव्हा हाच रस अर्धा कप लगेच द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तेव्हा चोथा नसलेलाच बरा, कारण साखर झटकन रक्तात जायला हवी असते.

परतीच्या मेमूत नाना खिडकीशी बसले. रसायनी गेलं, आपटा गेलं, जिते येईपर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "ताक चालंल ना गो?" ताक चालतं. बिनसाखरेचं लिंबूपाणीही चालतं.

१६ एप्रिल

स्टेशनवर ओळखीच्या बाई भेटल्या. घरात सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस सुरू केलाय, हृदयाला चांगला म्हणे. मी विचारलं, चिरताना तुकडा चाखता का? नाही म्हणाल्या.

हे लिहून ठेवायलाच हवं. दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही एकाच घराण्यातली फळं. त्यांच्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू विष कधीकधी जास्त तयार होतं. वेल उन्हातान्हात पाण्याविना ताटकळली, बी रानटी वेलीशी मिसळलं, की असं होऊ शकतं. वरून काही कळत नाही. भाजी केली तर पहिल्याच घासाला कडू लागते आणि माणूस ताट सरकवतो. रस मात्र औषध म्हणून डोळे मिटून एका दमात पितात, आणि कडू म्हणजे गुणकारी असं आपल्या मनात बसलेलं असतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती बसवली. त्यांचं सांगणं साधं होतं. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी टाका. दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. प्यायल्यावर पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, रक्त असं काही दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा, कारण या विषावर उतारा नाही.

कारल्याबरोबर दुधी कधीच पिळू नये, असं मला वाटतं. कारलं मुळातच कडू, त्यात दुधीचा कडूपणा ओळखायचा कसा?

बाईंनी ऐकून घेतलं. गाडी आली. चढता चढता म्हणाल्या, आजपासून चाखूनच करते.

२० एप्रिल

माहेरी, रोह्याच्या अलीकडे. नागोठण्याच्या पुढं रुळांच्या दोन्ही अंगांना भात काढलेल्या शेतांत कलिंगडाचे वेल दिसतात. आता हंगाम सरत आला, वेल पिवळे पडलेत. भावाचं म्हणणं, कलिंगडाला यंत्र, मिक्सर काही नको, गर हातानं कुस्करून गाळणीत टाकायचा. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे त्यात, आणखी काढायचं काय?

पण मी आले होते काजूच्या बोंडांसाठी. बी विकली जाते आणि बोंडं झाडाखाली कुजतात, त्यांवर माश्या घोंघावतात. लहानपणापासून बघत आले. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असतं. अडचण एकच, घसा धरतो. चघळलं की जीभ कोरडी पडते, ते त्यातल्या तुरट द्रव्यांमुळं.

वहिनीची आई त्यावर करते ते मी आज नीट उभं राहून बघितलं. बोंडं झाडावरून हातानं पिळून काढलेली, मार लागलेली नाहीत. धुऊन, दोन्ही टोकं कापून पिळली. रस गढूळ, पिवळसर. त्यात तांदळाची गार केलेली पातळ पेज घातली, लिटरभर रसाला अर्धा पेला. ढवळून ठेवून दिलं. थोड्या वेळानं रसात गाठी धरायला लागल्या आणि त्या हळूहळू बुडाशी बसल्या. पेजेतली खळ त्या तुरट द्रव्यांना धरून खाली नेते. वरचं निवळलेलं पाणी हलक्या हातानं ओतून मलमलीतून गाळलं. प्यायलं तर घसा अजिबात धरला नाही, फक्त बोंडाचा तो जड, गोड वास. कृषी महाविद्यालयांच्या पुस्तकांतही काजूरस निवळायला हीच रीत दिलेली आहे, पेज नाहीतर साबुदाण्याची खळ. ज्या बाईनं आयुष्यात ते पुस्तक उघडलं नाही तिच्या हाताला ती ठाऊक आहे.

रस तिथंच प्यायलो सगळे. तो सांजपर्यंत टिकत नाही, आंबायला लागतो. गोव्यात त्याच गुणावर फेणी उभी आहे.

२३ एप्रिल

भाचीचा फोन. बाळ आठ महिन्यांचं, मोसंबीचा रस सुरू करू का म्हणून. नको म्हटलं. वर्षाच्या आत रस देऊच नये, असं बालरोगतज्ज्ञ आता स्पष्ट सांगतात. केळं कुस्करून दे, चिकू दे, मऊ भात दे. तिच्या सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांच्या काळी आजाऱ्याला आणि बाळाला मोसंबीचा रस हीच माया होती. उपोषण सुटायचं तेही रसानंच. २६ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी संत्र्याचा रस घेऊन उपास सोडला, आणि आजही कुणाचं उपोषण सोडवायचं झालं की पुढारी पेला पुढं करतात. रिकाम्या, थकलेल्या पोटाला तो खरोखर मानवतो. बाळाचं पोट थकलेलं नाही, ते चावायला शिकतंय.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज पाण्याचं दान. दारात माठ, शेजारी पन्ह्याची घागर. स्टेशनकडे जाणारे-येणारे थांबून घेत होते.

विनोबांचं गागोदं आपल्याच पेण तालुक्यातलं. त्यांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. त्यांनी बालपणीची एक आठवण सांगितली आहे. अंगणात फणस होता. पिकला की लहानग्या विन्याला कधी एकदा खातो असं व्हायचं, पण आई गऱ्यांचे द्रोण भरून आधी घरोघर पोचवायला लावी, मग घरातल्यांना. भूदानाची चळवळ १९५१ मध्ये तेलंगणात सुरू झाली असं आपण शाळेत शिकवतो. मला वाटतं तिचं एक मूळ या द्रोणांत आहे.

आईंनी आज कुणालाच पैसे विचारू दिले नाहीत. एक पोरगा तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला स्वतः भरून दिलं.

४ मे

करवंदं आली. कातकरी बाया कर्नाळ्याच्या अंगाच्या रानातून पहाटे निघतात, उन्हं चढायच्या आत महामार्गाच्या कडेला पाट्या मांडून बसतात. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत काळी, टपोरी करवंदं. मोटारी थांबतात, काच खाली होते, घासाघीस होते. मला ती घासाघीस बघवत नाही. काट्यांतून एकेक वेचायचं असतं ते. हातावरचे ओरखडे दिसत असतात.

"बाय, सगली घेतंस?" तिनं विचारलं. सगळी घेतली, तिनं सांगितल्या भावाला.

घरी मिठाच्या पाण्यात टाकली, चीक निघून जातो. मग किंचित पाणी घालून मंद आचेवर पाचेक मिनिटं, साल सैल होईपर्यंत. गार झाल्यावर हातानं कुस्करून मलमलीतून गाळायची. लेक यंत्र पुढं घेऊन आली, तिला थांबवलं. करवंदाच्या बिया त्यात चिरडल्या की रस कडवट होतो. जांभळाचंही तसंच, बी फुटता कामा नये, गर चोळून सोडवायचा. आणि रातांब्याच्या सालीला ते यंत्र काय करणार! आपल्या डोंगरातल्या एकाही फळाला ते उपयोगी नाही. या फळांना हात, कापड आणि वेळ लागतो.

करवंदाचा रस गर्द लाल. समभाग साखर, आल्याचा तुकडा. माठातल्या पाण्यात घातला की गुलाबी होतो. कारखान्यात पन्ह्यापेक्षा तो जास्त आवडला.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं करवंदाची 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळांची जात काढली आहे. बांधावर लावायला हवी. पण त्या पाट्यावाल्या बायांचं रान राहिलं पाहिजे हे आधी.

७ मे

काल संध्याकाळी वादळ, गारठा, पाऊस. मे महिन्यात! कारखान्यावर ताडपत्र्या टाकायला सगळे धावले. परसात कैऱ्यांचा सडा. पन्हं नको आता कुणाला. साखरांब्यासाठी किसायला बसलो, आई म्हणाल्या, रातांब्याचं काय होतंय बघ यंदा.

११ मे

रातांबे आले, माहेरून दोन गोण्या. लाल-जांभळे, बोटानं दाबले की फुटतात. घरात सगळे फोडायला बसले. साल वेगळी, बिया त्यांच्या पांढऱ्या गरासकट वेगळ्या. बोटं दोन दिवस लाल राहतात.

सालीचे तीन वाटे केले. एक आमसुलांचा. साल वाळवायची, गराच्या आंबट रसात मीठ घालून त्यात बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पुटं देत जायचं, तेव्हा ती काळी, मऊ होते. दुसरा आगळाचा, साल आणि मीठ, साखर नाही. सोलकढीला आणि नानांना तोच. तिसरा सरबताचा. काचेच्या बरणीत एक थर सालीचा, एक थर साखरेचा. किलोला दोन किलो साखर. वर दादरा बांधायचा आणि बरणी अंगणात उन्हात.

यात पिळणं नाही, वाटणं नाही, गाळणंही शेवटी. साखर सालीच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचते आणि त्या पाण्याबरोबर रंग, आंबटपणा, वास सगळं येतं. साल आकसून चामड्यासारखी होते, पण फाटत नाही. म्हणून रस इतका स्वच्छ असतो, माणकासारखा. आणि एवढ्या दाट साखरेत बुरशीला, जंतूंना लागणारं मोकळं पाणी उरत नाही, म्हणून तो वर्षभर टिकतो. ताजा म्हणून पिळलेला रस तासाभरात उतरतो. कोकणातल्या बायांनी मे महिन्याचा रस पुढल्या मे महिन्यापर्यंत पोचवला, तोही वीज नसताना. यंत्र आल्यापासून मी दोन्हींचा विचार करते आहे. गाजर-बीटाला ते राहू दे, लेकीला आवड आहे. पण या गावात रस कसा करायचा हे ठरवायचं झालं तर मी बरणीच्या बाजूची आहे.

लेक रोज सकाळी शाळेला सुट्टी असूनही लवकर उठून बरणी हलवते.

२१ मे

काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. हा वळीव नव्हे, आषाढातला पाऊस वाटतो. अंगण वाहतंय. बरण्या ओटीवर. साखर अजून तळाशी बसलेली, साली अर्ध्याच आकसलेल्या. आमसुलांना दोनच पुटं मिळाली होती, ती सुपात घरभर पसरली आहेत आणि सगळीकडे आंबट वास भरला आहे.

माहेरचा फोन, झाडावर राहिलेले रातांबे पावसानं फुटून गळले. करवंदंही गेली. जांभळं तर अजून रंग धरत होती. कातकरी बायांचे हे दहा-पंधरा दिवस म्हणजे पावसाळ्याआधीची शेवटची कमाई. शहरातल्या लोकांना गारवा मिळाला, बातम्यांत पाण्यानं भरलेली स्टेशनं दाखवतायत. त्या पाट्यांचं कुणी दाखवत नाही. उद्या पाऊस उघडला तर त्या बायांच्या वाडीवर जाऊन यायचं आहे.

आई बरणीशी बसल्या. ऊन नाही तर नाही, म्हणाल्या, साखर आपलं काम करते. खरंच आहे. रस खेचते ती साखर. ऊन ती लवकर विरघळवतं आणि जास्तीचं पाणी उडवतं. ऊन नसेल तर ढवळणं वाढवायचं. कोरड्या लाकडी पळीनं दिवसातून चार-पाचदा खालची साखर वर आणायची. ओला चमचा बरणीत गेला तर मात्र सगळं संपलं. रात्री बरण्या चुलीजवळ, उबेला.

२६ मे

मान्सून आज मुंबईत पोचला. हवामान खात्याच्या नोंदीत १९५० पासून इतक्या लवकर कधी आलेला नव्हता. आवण्यांची तयारी नाही, राब भाजून व्हायचे होते ते भिजले, भातवाले हवालदिल.

बरणीतली साखर विरघळली. साली काढून रस गाळला. उन्हात ठेवून होतो त्यापेक्षा पातळ वाटला, म्हणून स्टीलच्या पातेल्यात घेऊन मंद आचेवर तापवला, उकळी न आणता, बोट लावता येणार नाही इतपत. उकडून वाळवलेल्या बाटल्यांत गरम असतानाच काठोकाठ ओतला आणि बूच बंद. वास थोडा कमी होतो यानं, पण पावसाळी हवेत धोका नको. रंग तोच आहे. चार-पाच वाट्या पाण्याला एक वाटी, जिरेपूड, मीठ. राहिलेल्या गोड साली लेकीनं निम्म्या खाऊन संपवल्या.

आमसुलं मात्र चुलीच्या शिंकाळ्यावर धुरावलीच. त्यांना धुराचा वास लागला आहे. बांगड्याच्या तिखल्याला चालतील.

१ जून

पाऊस उघडला. वाडीवर गेले, सरबताच्या दोन बाटल्या घेऊन. करवंदवाली घरात होती. रान भिजल्यावर आता शेवळं येतील म्हणाली, मग कुरडू, टाकळा. बुधवारी आणून देते म्हणाली. पैसे आधी देऊ केले ते घेतले नाहीत, बाटल्या घेतल्या.

१० जून

काल उच्च न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली, विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात नाही. हमरापूरभर महिनोन् महिने लटकलेला प्रश्न होता. आमचं शाडूचं असलं तरी शेजारच्या कारखान्यांत आज जीव आला, रात्रीपर्यंत दिवे चालू. शाडू मात्र या हवेत वाळत नाही, रंगाचं काम पुढं ढकललं आहे. बायांना आता थंड नको, आल्याचा चहा हवा. माठ उपडे करून ठेवले.

रातांब्याच्या बिया शिंकाळ्यावर वाळल्या आहेत, हलवल्या की खडखडतात. उद्या आईंबरोबर फोडून, दगडावर वाटून पाण्यात उकळायच्या. वर तेल तरंगतं ते गार झालं की थिजतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे, तेच मुठेल. शाडूत दिवसभर हात घालणाऱ्या बायांच्या तळव्यांना भेगा पडतात, त्यांच्यासाठी. उरलेली पेंड गुरांना. गोण्यांतल्या फळांचं मग काहीच टाकायचं राहिलं नाही. ह्यांना मोठं पातेलं माळ्यावरून काढायला सांगितलं आहे, आणि कोरडी लाकडं पडवीत आणून ठेवायला.